मेंडेलीव्हने आकडे बदलले, पण गुणधर्म सोडले नाहीत

अभ्रक

दहावीच्या विज्ञानात मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा धडा ठरलेल्या वाटेने जातो. डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मग मेंडेलीव्ह, शेवटी मोस्ले. प्रत्येकाच्या नावाखाली थोडे गुण, थोडे दोष. परीक्षा झाली की मुलांच्या मनात एवढंच उरतं : मेंडेलीव्हने तेव्हाची ६३ मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली आणि आवर्तसारणी तयार झाली.

मला हे चित्र उलटं वाटतं, आणि त्याबद्दलच हा धागा. आकड्यांची चढती रांग लावणं कुणालाही जमलं असतं. अडचण अशी होती की त्यातले बरेच आकडे चुकीचे होते. ती रांग जशीच्या तशी लावली असती तर सारणी जुळलीच नसती. मेंडेलीव्हचं मोठेपण मला यात दिसतं की आकडा आणि मूलद्रव्याचं वागणं यांचं भांडण लागलं, तेव्हा त्याने आकड्यावर संशय घेतला.

अणुभार चुकीचे का होते, हे आधी पाहायला हवं. प्रयोगातून थेट कळतो तो तुल्यभार, म्हणजे ठरावीक वजनाच्या ऑक्सिजनशी किंवा हायड्रोजनशी एखादं मूलद्रव्य किती वजनाने संयोग पावतं ते. अणुभार काढायचा तर त्याला संयुजेने, म्हणजे त्या मूलद्रव्याचा एक अणू हायड्रोजनचे किती अणू धरू शकतो त्या आकड्याने, गुणावं लागतं. संयुजा १ धरायची, २ की ३, यावर एकमत नव्हतं. कुणी ऑक्सिजनचा अणुभार ८ धरी, कुणी १६. कार्बन कुणाकडे ६, कुणाकडे १२. पाण्याचं सूत्रसुद्धा दोन तऱ्हांनी लिहिलं जाई. केकुलेने आपल्या पुस्तकात एकट्या ॲसिटिक आम्लाची तेव्हा प्रचारात असलेली १९ सूत्रं दिली आहेत. अशा गोंधळात 'अणुभारानुसार क्रम' या शब्दांना अर्थच नव्हता.

हा गोंधळ सुटायला सुरुवात झाली ती सप्टेंबर १८६० मध्ये, जर्मनीतल्या कार्ल्सरूहला. सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस एकत्र बसले. ठराव असा काही झाला नाही. पण इटलीच्या कॅनिझारोने ॲव्होगाड्रोच्या जुन्या गृहीतकाच्या आधाराने अणुभार कसे ठरवावेत हे मांडलं होतं, त्या लेखाच्या छापील प्रती निघताना लोकांच्या हातात पडल्या. त्या घेऊन जाणाऱ्यांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर होता. तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला हजर होता. पुढच्या दहा वर्षांत फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी आणि रशियातल्या माणसांना, एकमेकांशी फारसा संबंध नसताना, मूलद्रव्यांतली आवर्तिता, म्हणजे ठरावीक अंतराने गुणधर्म परत येणं, दिसू लागली हा योगायोग नव्हे. सारणीचा जन्म १८६९ चा सांगतात, पण तिची जमीन १८६० मध्ये तयार झाली.

आता १८६९ चा फेब्रुवारी. मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होता. पहिला भाग हॅलोजनांपाशी संपला होता, दुसऱ्याची सुरुवात अल्क धातूंनी व्हायची होती. त्यानंतर कोण? लाखभर तथ्यं कुठल्या क्रमाने सांगायची? त्याने या दोन कुटुंबांचे अणुभार शेजारी मांडले. क्लोरीन ३५.५, पोटॅशियम ३९. ब्रोमीन ८०, रुबिडियम ८५. आयोडीन १२७, सीझियम १३३. एक कुटुंब अत्यंत क्रियाशील अधातूंचं, दुसरं अत्यंत क्रियाशील धातूंचं, स्वभावाने दोन टोकं. आणि तरी प्रत्येक जोडीत फरक अगदी थोडा. मला या तीन जोड्या संपूर्ण कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटतात. सारखी मूलद्रव्यं एकत्र आणण्याचं काम आधीही झालं होतं. इथे परस्परविरुद्ध कुटुंबं एकमेकांशेजारी आली, आणि त्यांच्यामधल्या जागेचा प्रश्न उभा राहिला.

त्या दिवशी तो चीज बनवणाऱ्या सहकारी संस्थांची पाहणी करायला गावी निघणार होता. त्याच कामाच्या पत्राच्या मागे त्याची पहिली आकडेमोड आजही पाहायला मिळते. स्वप्नात सारणी दिसल्याची गोष्ट एका सहकाऱ्याच्या नंतरच्या आठवणीतून आली. कागदांवरची खाडाखोड पाहिली की मला तरी ते कष्टाचं काम दिसतं.

माझ्या मुख्य मुद्द्यासाठी ही उदाहरणं.

बेरिलियम. तुल्यभार सुमारे ४.७. ॲल्युमिनियमसारखा म्हणून संयुजा ३ धरली तर अणुभार १४ येतो, आणि मग त्याला नायट्रोजनच्या जागी बसवावं लागतं. मेंडेलीव्हने संयुजा २ धरली, अणुभार सव्वानऊच्या आसपास आणला आणि त्याला लिथियम व बोरॉनच्या मध्ये बसवलं. स्वीडनच्या निल्सन आणि पेटरसन यांचा याला अनेक वर्षं विरोध होता. अखेर १८८४ मध्ये त्यांनीच बेरिलियम क्लोराइडच्या वाफेची घनता मोजली आणि उत्तर मेंडेलीव्हच्या बाजूने आलं.

इंडियम तेव्हा ७५.६ वर होतं. तिथे, आर्सेनिक आणि सेलेनियमच्या मध्ये, रिकामी जागाच नाही. संयुजा २ ऐवजी ३ धरली की ते ११३ वर जातं, कॅडमियम आणि कथिलाच्या मध्ये नेमकं बसतं.

युरेनियम १२० चं २४० केलं. सरळ दुप्पट! त्याबरोबर ते सारणीच्या अगदी टोकाला गेलं.

या दुरुस्त्यांपुढे रिकाम्या जागांची भाकितं मला दुय्यम वाटतात, प्रसिद्ध तीच असली तरी. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या जागेतल्या मूलद्रव्याला त्याने 'एका-ॲल्युमिनियम' असं नाव दिलं होतं, बाकीच्यांनाही तसंच. एका-ॲल्युमिनियम १८७५ मध्ये गॅलियम म्हणून सापडलं, एका-बोरॉन १८७९ मध्ये स्कँडियम म्हणून, एका-सिलिकॉन १८८६ मध्ये जर्मेनियम म्हणून. सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथे थांबतो. तुमची मतं वाचायला आवडतील.

शाळामास्तर

धागा आवडला. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेली वाट रोजची आहे.

न्यूलँड्सबद्दल थोडं लिहितो, कारण धड्यात त्याच्यावर अन्याय होतो. १ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीत त्याने अष्टकांचा नियम मांडला. दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुण परत दिसतात, सा नंतर वरचा सा यावा तसे. तेव्हा जॉर्ज केरी फॉस्टर या प्राध्यापकांनी विचारलं की मूलद्रव्यं इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लावून पाहिली का. सोसायटीने निबंध छापला नाही. पुढे १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला डेव्ही पदक दिलं, पण मेंडेलीव्ह आणि मायर यांना ते मिळून पाच वर्षं झाली होती.

त्याची सारणी कॅल्शियमपर्यंत सुरेख चालते. पुढे त्याने कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबले, तेही फ्लुओरीन-क्लोरीनच्या ओळीत, आणि लोखंड ऑक्सिजन-गंधकाच्या सोबत बसवलं. कारण त्या सारणीत त्याने रिकामं घर ठेवलं नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर त्याने क्रम सांभाळला आणि गुणधर्म सोडले.

एक प्रश्न : टेल्युरियम आणि आयोडीनचं काय? मुलं हमखास विचारतात.

अभ्रक

मास्तर, न्यूलँड्सचं निदान अचूक आहे.

टेल्युरियमचा अणुभार १२७.६, आयोडीनचा १२६.९. वजनाने पाहिलं तर आयोडीन आधी यायला हवं आणि ते सेलेनियमच्या खाली जातं. पण आयोडीनला हॅलोजनांपासून तोडायचं कसं? क्लोरीन आणि ब्रोमीनसारखंच ते सोडियमशी क्षार बनवतं, हायड्रोजनशी एकास एक जोडतं. मेंडेलीव्हने टेल्युरियम आधी ठेवलं आणि सांगितलं की त्याचा अणुभार चुकला आहे, तो १२३ ते १२६ च्या दरम्यान असायला हवा.

प्रागच्या ब्राउनरने, जो मेंडेलीव्हचा मोठा समर्थक होता, टेल्युरियमचं वजन खाली आणण्यासाठी वर्षानुवर्षं मोजमापं केली. आकडा खाली येईना. टेल्युरियम हे मिश्रण असावं अशी शंकाही त्याने घेतली. आकडा बरोबरच होता. म्हणजे जागा मेंडेलीव्हने बरोबर दिली आणि कारण चुकीचं सांगितलं. वर्गात हे उदाहरण आवर्जून द्या, मास्तर. गुणधर्मांवर विसंबून तो योग्य जागी पोचला, जिथे आकडा त्याला घेऊन जाऊ शकत नव्हता.

निळी_शाई

दोन गोष्टींवर आक्षेप आहे.

पहिली, बेरिलियम. तुम्ही म्हणता त्याने गुणधर्मांना मान दिला. पण बेरिलियमचे गुणधर्म तर ॲल्युमिनियमकडेच बोट दाखवत होते! त्याचं ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि अल्कातही, ॲल्युमिनासारखं. निल्सन आणि पेटरसन हट्टी नव्हते. विशिष्ट उष्णतेवरून त्यांना जो आकडा मिळत होता तोही १३.८ च्या आसपासचा होता. तेव्हा मेंडेलीव्हने इथे गुणधर्मांनाही बाजूला सारलं आणि सारणीतल्या रिकाम्या घरावर भरवसा ठेवला, असं म्हणायला हवं.

दुसरी, लोथार मायर. त्याच्या १८६४ च्या पुस्तकात २८ मूलद्रव्यांची सारणी आहे, संयुजेनुसार रकाने पाडलेली. त्यात सिलिकॉन आणि कथिलाच्या मध्ये रिकामी जागा आहे. मेंडेलीव्हच्या पाच वर्षं आधी! इंडियमची दुरुस्ती त्यानेही स्वतंत्रपणे केली. १८७० मध्ये त्याने अणुआकारमानाचा आलेख दिला, ज्यात अल्क धातू एकामागून एक शिखरांवर बसलेले दिसतात. आवर्तिता डोळ्यांना दिसते ती त्या आलेखात. आणि फ्रान्सचा भूगर्भशास्त्रज्ञ द शाँकुर्त्वा, ज्याने १८६२ मध्येच मूलद्रव्यं नळकांड्यावर सर्पिल रेषेत मांडली, त्याचं तर नावही धड्यात नसतं. त्याचा लेख आकृतीशिवाय छापला गेला, मग तो वाचून कुणाला काय कळणार?

अभ्रक

बेरिलियमचा आक्षेप फार चांगला आहे. त्यामुळे माझं म्हणणं जास्त नेमकं करता येतं. गुणधर्म म्हणजे एका मूलद्रव्याचं एका शेजाऱ्याशी असलेलं साम्य नव्हे. लिथियमची संयुजा १, बोरॉनची ३, कार्बनची ४. लिथियमचं ऑक्साइड कडक अल्कधर्मी, बोरॉनचं आम्लधर्मी. या उतरणीत मधली पायरी रिकामी आहे : संयुजा २, ऑक्साइड दोहोंच्या मधलं. बेरिलियम तिथे बसतं. ॲल्युमिनियमशी त्याचं साम्य खरंच आहे. सारणीत तिरप्या शेजाऱ्यांत असं साम्य दिसतं आणि आज त्याला कर्णसंबंध म्हणतात. मेंडेलीव्ह सगळ्या दिशांनी एकदम पाहत होता, म्हणून त्याला एका साम्याने फसवलं नाही. विशिष्ट उष्णतेचं म्हणाल तर बेरिलियम त्या बाबतीत नेहमीच्या तापमानाला अपवादच आहे, जास्त तापमानाला ती वाढत जाते.

मायरबद्दल : रिकामी जागा सोडणं आणि त्या जागी येणाऱ्या पदार्थाची घनता लिहून देणं यांत फरक आहे. गॅलियमचा किस्सा त्यासाठीच सांगतो. फ्रान्सच्या बुआबोद्राँने पिरेनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजात वर्णपटावरून गॅलियम शोधलं आणि घनता ४.७ जाहीर केली. मेंडेलीव्हने तो धातू पाहिलेलाही नव्हता. त्याने कळवलं की ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना नीट शुद्ध करून पाहा. पुन्हा शुद्ध करून मोजली, ५.९ आली. मायर असं पत्र लिहू शकला असता का? स्वभावाने तो सावध होता, आणि सावधपणा हा शास्त्रज्ञाचा दोष नव्हे. १८८२ चं डेव्ही पदक दोघांना मिळून दिलं गेलं ते मला योग्य वाटतं. पण अणुभार बदलून दाखवण्याचं एवढं मोठं धाडस एकाचंच.

खनिजवेडा

जर्मेनियमची शोधकथा कुणीच सांगितली नाही, म्हणून लिहितो. जर्मनीतल्या फ्रायबर्गजवळच्या खाणीत अर्गिरोडाइट हे चांदीचं नवं खनिज सापडलं. रसायनशास्त्रज्ञ क्लेमेन्स विंकलरने पृथक्करण केलं तर सगळे घटक मोजूनही सुमारे ७ टक्के वजन हिशेबात बसेना. मोजमाप परत केलं, तूट तेवढीच. त्याने त्या ७ टक्क्यांचा पिच्छा सोडला नाही आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये नवं मूलद्रव्य वेगळं केलं. पहिल्यांदा त्याला ते अँटिमनीच्या गटातलं वाटलं होतं. मग क्लोराइड बनवलं. भाकीत होतं की ते द्रव असेल, १०० अंशांखाली उकळेल, घनता सुमारे १.९. प्रत्यक्षात ८६ अंशांना उकळलं आणि घनता १.९ च्या जवळच भरली. खनिजाचं पृथक्करण करताना बेरीज १०० ला पोचली नाही तर काय करायचं, हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी विंकलर वाचावा.

कोकणवारा

आमच्या विजयदुर्गाचा उल्लेख व्हायला हवा. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात हेलियमचा शोध इंग्रज खगोलज्ञ लॉकियर यांनी किल्ल्यावरून लावला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. साहेबाचे कट्टे आजही तिथे आहेत आणि १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. सारणीच्या एक वर्ष आधी सापडलेल्या या मूलद्रव्याला मेंडेलीव्हने जागा दिली नव्हती का?

दुर्बीण

कोकणवारा, किल्ल्याचा आणि लॉकियरचा संबंध खरा आहे, पण ते ग्रहण दुसरं.

१८ ऑगस्ट १८६८ ला फ्रेंच खगोलज्ञ जाँसेन गुंटूरला होता. सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट त्याने तिथून पाहिला, आणि ग्रहण नसतानाही तो पाहता येईल हे त्याच्या ध्यानात आलं. लॉकियर त्या वेळी भारतात नव्हता. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधूनच, ग्रहणाविना, त्या ज्वालांचा वर्णपट घेतला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली आणि पुढे फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेलं एक पदक काढलं. सोडियमच्या रेषांशी न जुळणाऱ्या पिवळ्या रेषेवरून हेलियमची कल्पना मांडली लॉकियरनेच.

विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, मोठा सरंजाम आणि आरमारी खलाशी मदतीला घेऊन. त्याचा अहवालही छापलेला आहे. त्याच ग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला होता, तेही आपल्याकडे लक्षात ठेवायला हवेत. किल्ल्याचं महत्त्व यामुळे जराही कमी होत नाही.

रानजाई

हेलियमला जागा का नव्हती याचं उत्तर देते. १८६९ मध्ये हेलियम ही फक्त सूर्यप्रकाशातली एक रेषा होती. ना वजन, ना संयुग, ना संयुजा. वर्गीकरण ज्या गुणधर्मांवर उभं होतं त्यांतला एकही गुणधर्म हाती नव्हता.

१८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांना हवेत अर्गॉन सापडला. तो कशाशीच संयोग पावेना आणि अणुभार सुमारे ४०, म्हणजे पोटॅशियमपेक्षा जास्त. पुन्हा टेल्युरियमचीच अडचण! मेंडेलीव्हला हे पचलं नाही. हा तीन अणू जोडलेला नायट्रोजन असावा, असा त्याचा कल होता. १८९५ मध्ये रॅमसेने क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून हेलियम मिळवला, १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन आले. एकटा अर्गॉन अपवाद वाटत होता; पाच झाल्यावर ते कुटुंब ठरलं आणि हॅलोजन व अल्क धातूंच्या मधोमध नवा रकाना उघडला. अभ्रक यांनी दिलेल्या जोड्यांकडे परत पाहा. ३५.५ आणि ३९ च्या मधली ती जागा राजवायूंची होती. मेंडेलीव्हनेही पुढे शून्य गण मान्य केला. हेच रॅमसे १९०० मध्ये टाटांच्या नियोजित संस्थेसाठी जागा सुचवायला भारतात आले होते, आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली.

आणखी एक भारतीय धागा. कोलकात्याला प्रफुल्लचंद्र राय दुर्मिळ भारतीय खनिजांचं पृथक्करण करत होते ते मेंडेलीव्हच्या सारणीतली रिकामी घरं भरावीत या आशेने. तसं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. नवं मूलद्रव्य मिळालं नाही, पण ती सारणी किती दूरवर माणसांना कामाला लावत होती हे त्यातून दिसतं.

निळी_शाई

आता मोस्ले, म्हणजे टेल्युरियमचा हिशेब पूर्ण होईल. १९१३ मध्ये मँचेस्टरला, मग ऑक्सफर्डला, त्याने एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजले. वारंवारतेचं वर्गमूळ मूलद्रव्यागणिक सारख्या पायऱ्यांनी वाढत गेलं. पायरीचा क्रमांक हाच अणुअंक. कोबाल्ट २७, निकेल २८, अणुभार उलटे असले तरी. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. अर्गॉन १८, पोटॅशियम १९. रिकाम्या पायऱ्याही मोजता आल्या : ४३, ६१, ७५. गुणधर्मांवरून दिलेल्या जागा बरोबर का होत्या, हे तेव्हा कळलं. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. वय २७.

मायरवरून माझं मत बदललेलं नाही, पण गॅलियमच्या पत्राला माझ्याकडे उत्तर नाही.

शाळामास्तर

या सत्रात वर्गात कार्डांचा खेळ घेणार आहे. एकेका मूलद्रव्याचं कार्ड, त्यावर अणुभार, संयुजा, ऑक्साइडचा स्वभाव, आणि मुलांनी गटागटांत ती मांडायची. अभ्रक, सुरुवातीला किती आणि कोणती मूलद्रव्यं द्यावीत?

अभ्रक

लिथियमपासून कॅल्शियमपर्यंत, राजवायू वगळून. त्यांत ब्रोमीन, आयोडीन, रुबिडियम, सीझियम आणि टेल्युरियम घाला. अणुअंक कुठेच लिहू नका. बेरिलियमच्या कार्डावर मुद्दाम अणुभार १४ आणि संयुजा ३ लिहा, आणि एवढंच सांगा की एका कार्डावरची माहिती संशयास्पद आहे. कोणतं कार्ड ते मुलांना शोधू द्या. नायट्रोजनच्या घरावर दोन कार्डं आली की त्यांच्यात वाद सुरू होईल, तो मध्येच सोडवू नका.

रानजाई

मास्तर, आणि राजवायूंची कार्डं पाकिटात वेगळी ठेवा. मांडणी पूर्ण झाली असं मुलं म्हणाली की मग ती द्या.